मामांची जुन्या बाजारातली डिस्क

जगात आजवर जे काही घडलं, त्याची एक प्रत माझ्या बायकोच्या मामांच्या कॉम्प्युटरमध्ये नक्की असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. मामा नोकरीसाठी जर्मनीत न्युरेम्बर्गला गेले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. त्यांनी आयुष्यात एकही फाइल खोडली नाही. बर्फाचे फोटो, तोच बर्फ वितळल्यावरचे फोटो, आमच्या साखरपुड्यात कॅमेरा चुकून चालू राहिल्याने झालेलं स्वतःच्या बुटांचं लांबलचक चित्रीकरण, सगळं जपलेलं. "बुटांकडे नका बघू," ते मला म्हणत, "मागे तुमच्या सासूबाईंचा आवाज ऐका." मामी मात्र कॅमेरा दिसला की सरळ स्वयंपाकघरात जात. त्या वारल्यावर मामांनी सगळे फोल्डर धुंडाळले, तेव्हा हाती लागलं एक कोपर, एक पाठ आणि कुकरच्या झाकणात उमटलेला अर्धा चेहरा.

गेल्या वसंतात तो कॉम्प्युटर भरला. "आल्झो, आत एका डिस्कची जागा रिकामी आहे," मामा म्हणाले; 'तर मग'ला ते जर्मन 'आल्झो'च म्हणत. "पहिलीवर विंडोज राहू दे, बाकी सामान दुसरीवर. घराला माळा असतो ना, तसं." नवी डिस्क घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रविवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात जाऊन त्यांनी एक वापरलेली डिस्क आणली. मी कॉम्प्युटर उघडला, केबल जोडल्या. डिस्क जरा कुरकुरली आणि फिरायला लागली. ती रिकामी नव्हती.

आत एकच फोल्डर होता आणि त्यात एकाच खिडकीतून काढलेले असंख्य फोटो. खाली इमारतींमधलं अंगण, सायकली, कचऱ्याचे डबे, मधोमध एक झाड. झाड कधी हिरवंगार, कधी नुसत्या काड्या. अंगणात माणूस एकातही नाही. हा कोणीतरी मामांचाच भाऊबंद, असं म्हणून मी हसलो. मामा हसले नाहीत.

"जावईबापू, ती लाल सायकल माझी आहे."

ते उठले आणि मामी गेल्यापासून ओढून ठेवलेला पडदा त्यांनी बाजूला केला. समोर तेच झाड होतं, फक्त दुसऱ्या अंगाने.

परत येऊन त्यांनी फोटो मोठा केला. झाडापलीकडच्या खिडकीत मामी तुळशीला पाणी घालत होत्या. पुढच्या फोटोतही मामी. त्याच्या पुढच्यातही. एकात तर त्यांनी थेट कॅमेऱ्याकडे बघून हात वर केला होता, आणि त्या हसत होत्या.

माझ्या अंगावर काटा आला. "मामा, फॉरमॅट करून टाकू का?"

"हात लावू नका," ते म्हणाले.

पुढे तुळस वाळली. मग नुसता बंद पडदा, फोटोमागून फोटो. शेवटच्या फोटोत पडदा जरासा सरकला होता आणि फटीत मामा स्वतः उभे होते, आमच्याकडेच बघत.

"असा कधी उभा होतो मी?" मामांनी हळूच विचारलं.

आम्ही समोरच्या इमारतीत गेलो. एका तरुण बाईने दार उघडलं. त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या. आधी इथे एक आजोबा एकटे राहायचे, ते वारले, घर रिकामं करणारे सगळं सामान घेऊन गेले. एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला खिडकीपाशी जाऊ दिलं. तिथून मामांची खोली स्वच्छ दिसत होती. दिवा चालू, दोन खुर्च्या, आत कोणी नाही. मामा बराच वेळ बघत राहिले.

"हिने मला कधी सांगितलं नाही," परतताना ते म्हणाले. "मी विचारलंच नसेल."

त्या डिस्कवर मामांनी स्वतःचं काहीही ठेवलं नाही. परवा गेलो तेव्हा पडदा उघडा होता आणि ते चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते.

"कोणाला बघताय?" मी विचारलं.

"कोणाला नाही. कोणी बघत असेल तर दिसावं, म्हणून उभा आहे."

समोरच्या काचेत नुसतं आभाळ होतं. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.