सुनंदाच्या समाधानाचा फॉर्म

चहा येतोय, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. आमच्या नातेवाइकांत ती प्रत्येक लग्नात जेवताना सांगितली जाते आणि दर वेळी माझा मूर्खपणा थोडा वाढलेला असतो.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. मी नाशिक रोडला राहतो आणि विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. लोकांचे फॉर्म भरण्यात माझा जन्म गेला. माणूस समोर बसला की त्याचं नाव, वय, वारसदार सगळं मी लिहून मोकळा, त्याने फक्त फुलीपाशी सही करायची. घरीही तेच. रेशनकार्ड, गॅस, मतदारयादी, निखिलच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, कॉलेजचा प्रवेश, एकही फॉर्म दुसऱ्या कोणी भरलेला नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता हात पुसत येणार, मी बोट ठेवीन तिथे सही करणार आणि परत जाणार. यावरून आमच्यात कधी वाद झालेला नाही.

दोन हजार सात-आठ साल असेल. निखिल इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता, त्याचा कॉम्प्युटर घरीच होता आणि ब्रॉडबँडचं कनेक्शन नुकतंच आलं होतं. अशात माझी भाची अस्मिता एके दिवशी घरी आली. ती मानसशास्त्र शिकत होती, प्रबंधाचं शेवटचं वर्ष होतं आणि चेहरा पार उतरलेला.

"मामा, मला माणसं पाहिजेत," ती म्हणाली.

"कशाला?"

मग तिने समजावून सांगितलं. तिने एक वेबसाइट केली होती. आजारी माणसांसाठी नाही बरं का, तुमच्या-आमच्यासारख्या धडधाकट माणसांचं मन आणखी बरं राहावं म्हणून. सहा आठवड्यांचा कार्यक्रम. दर आठवड्याला एक धडा आणि काहीतरी करायला सांगणार. त्याचा खरंच उपयोग होतो का, ते तपासायचं होतं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करायचे. एका गटाला कार्यक्रम आणि दर रविवारी प्रश्नावली, दुसऱ्याला नुसतीच प्रश्नावली. शेवटी दोघांची तुलना.

"पण लोक मधेच सोडून जातायत, मामा. अजून दोन-चार गेले तर आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात प्रबंध उभाच राहणार नाही. माझं वर्ष जाईल."

"आमची दोघांची नावं लिही," मी म्हणालो. "आम्ही सोडून जाणारे नाही."

सुनंदा आतून म्हणाली, "मला पण?"

"तुला पण. मी आहे ना."

चिठ्ठ्या निघाल्या. सुनंदाला कार्यक्रम मिळाला आणि मला नुसते प्रश्न. मला राग आला, खोटं कशाला सांगू? ब्रॉडबँडचं बिल माझ्या नावाने येतं, भाची माझी, आणि मला औषध नाही, नुसता थर्मामीटर? पहिल्या रविवारी मी माझी प्रश्नावली भरली आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सुनंदाचा पासवर्ड मात्र माझ्याकडे होता. तो मीच बनवला होता.

संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी तिच्या नावाने आत शिरायचो. 'आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा.' मी लिहायचो: भाजी ताजी मिळाली, नळाला पाणी वेळेवर आलं, हे लवकर घरी आले. रविवारी प्रश्नावली. 'झोप शांत लागते का?' हो. 'आयुष्यात समाधान वाटतं का?' पूर्ण. मी भराभर टिकमार्क करत जायचो. सुनंदा स्वयंपाकघरात, माझ्यापासून दहा पावलांवर, पोळ्या करत असायची. उठून तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. गॅसचा फॉर्म भरताना तरी कधी विचारलं होतं?

आणि गंमत सांगतो, मला त्यात मजा यायला लागली. सुनंदा दर आठवड्याला आणखी सुखी होत चालली होती. इतकी सुखी बायको आपल्याला मिळाली याचा मला अभिमान वाटायला लागला.

चौथ्या आठवड्यात आलं: 'ज्याचे आभार मानायचे राहून गेले, अशा माणसाला पत्र लिहा.' हिने आभार मानावेत असं कोण आहे? फार शोधावं लागलं नाही. मी लिहायला घेतलं आणि हात काही थांबेना. चांगली दोन पानं झाली.

सहा आठवडे संपले आणि अस्मिताचा फोन आला. "मामा, मामींचं पत्र मॅडमनी वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मामींची परवानगी घे, त्यातला भाग प्रबंधात टाकू. मी रविवारी येते, मामींची मुलाखत पण घेईन."

रविवारपर्यंत मी जेवलो काय आणि झोपलो काय, काही आठवत नाही. खरं सांगावं तर पोरीच्या प्रबंधाचं काय होणार? आणि न सांगावं तर सुनंदाला खोटं बोलायला लावायचं. शेवटी शनिवारी हळूच विषय काढला.

"अस्मिता येतेय. त्या वेबसाइटबद्दल विचारेल. छान होतं म्हण."

"बरं," सुनंदा म्हणाली. एवढंच. इतक्या सहज कोणी बरं म्हणालं की खरं तर मी सावध व्हायला पाहिजे होतं.

रविवारी दुपारी अस्मिता आली. सुनंदा मेथी निवडत बसली होती. अस्मिताने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, "मामी, तुमचं पत्र वाचू? तुमच्यासमोर वाचायची फार इच्छा आहे."

"वाच की," सुनंदा म्हणाली.

"'तुम्ही ऑफिसातून दमून येता, तरी तुमच्या कपाळाला कधी आठी नसते. भाजीत मीठ कमी पडलं तरी निमूटपणे जेवता. लग्न होऊन आले तेव्हा मी अजाण होते, तुम्ही मला घडवलंत...'"

मी पंख्याकडे पाहत होतो. दोन्ही पानं संपली, तेव्हा सुनंदाने मेथीची एक काडी बाजूला ठेवली.

"लय भारी लिहिलंय," ती म्हणाली. तिचं माहेर मखमलाबादकडचं, फुलांचा मळा आहे त्यांचा. तिकडची भाषा तिच्या तोंडात आली की समजायचं, आता आपली धडगत नाही. "परवा मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, ते कोणाचे मिस्टर होते?"

अस्मिता तिच्याकडे पाहायला लागली, मग माझ्याकडे.

"अस्मिता," मी म्हणालो, "ते मी लिहिलंय. सगळंच मी भरलंय. पहिल्या दिवसापासून."

पोरीने कागदाची घडी करून मांडीवर ठेवली आणि तिचे डोळे भरून आले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या मुलीचं वर्ष वाचवायला मी निघालो होतो, तिचंच वर्ष मी बुडवत होतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मामींची उत्तरं काढून टाकावी लागतील. पण मामा, तुमची तरी राहतील. तुमचा एकही फॉर्म चुकलेला नाही."

"माझा?"

"हो. सगळे आठवडे भरलेत तुम्ही."

"मी पहिल्यानंतर एकही भरलेला नाही गं."

मग सुनंदा मेथीवरून मान न उचलता म्हणाली, "ते मी भरले."

"तू?"

"दर सोमवारी दुपारी हिचा फोन यायचा, मामांचा फॉर्म राहिलाय म्हणून. तुम्हाला सांगितलं असतं तर चिडला असता. म्हटलं, पोरीचं काम अडायला नको. तुमचा पासवर्ड तुम्ही कॅलेंडरवरच लिहून ठेवलाय."

"पण तुला कॉम्प्युटर कुठे येतो?"

"निखिलने शिकवला. दुपारी आम्ही त्यावरच बोलतो. कनेक्शन आलं तेव्हापासून."

अस्मिता एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "मामा, तुमची उत्तरं वाचून मॅडम म्हणाल्या होत्या, हे गृहस्थ फार प्रामाणिक आहेत. स्वतःच्या चिडचिडीबद्दल इतकं खरं कोणी लिहीत नाही."

तर असं झालं. दोघांचीही उत्तरं बाद. मॅडम भल्या होत्या, त्यांनी उरलेल्या माणसांवर प्रबंध पुरा करू दिला, अस्मिताचं वर्ष वाचलं. फक्त एक वाक्य लिहायला लावलं: एकाच घरातील दोन व्यक्तींनी परस्परांच्या प्रश्नावल्या भरल्याने त्या वगळण्यात आल्या. छापील प्रबंधात माझा एवढाच उल्लेख आहे.

पण खरी फजिती त्याच संध्याकाळची आहे, आणि ती नातेवाइकांना माहीत नाही.

अस्मिता गेल्यावर मी सुनंदासमोर बसलो आणि विचारलं, "काय काय लिहायचीस माझ्याबद्दल?"

"जे दिसतं ते. चिडचिड किती वेळा, तर रोज. झोप, चांगली. 'मनातलं बोलायला घरात कोणी आहे का', त्याला नेहमी."

"नेहमी?"

"मी असतेच की ऐकायला."

त्याच प्रश्नाला तिच्या फॉर्मवर मीही 'नेहमी'च लिहिलं होतं. दर रविवारी, काही विचार न करता. आता ते आठवून मला कसंतरीच झालं.

"आणि तुझं तू भरलं असतंस, तर तिथे काय लिहिलं असतंस?"

सुनंदाने मेथीचं ताट बाजूला सारलं. इतक्या वर्षांत मी तिला असं काही विचारत होतो, ते पहिल्यांदाच.

"खरं सांगू?"

"सांग ना. सगळं सांग."

तिने पदराला हात पुसले, नीट मांडी घालून बसली आणि बोलायला तोंड उघडलं. आणि मी काय केलं असेल? उठलो, टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि पेन शोधायला लागलो.