मुंगसाला कितवा मजला?

पुण्यात माणसांवर माया करणारे पुष्कळ होऊन गेले असतील, पण जिथं माणूस नाही अशा जागेवर जीव लावणारा माझा साडू एकटाच. मी हे मंडईत उभं राहून सांगायला तयार आहे. तिथं माझा कांद्या-बटाट्याचा गाळा होता, चौथीपुढं शाळा नाही, त्यामुळे जे वाटतं ते तसंच लिहितोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, धायरीचा शेतकरी. मूलबाळ नाही. बायको आधीच गेलेली. धायरीत शेतं जाऊन इमारती आल्या, शेजारचे भाऊबंद गाड्या फिरवायला लागले, आणि हा मात्र डोंगराच्या उताराचा आपला तुकडा तसाच ठेवून बसला. त्यात काय होतं विचाराल, तर बोरी, बाभळी, गुडघ्याएवढं गवत आणि त्याच्या भाषेत ‘समदी आपली मंडळी’. मंडळी म्हणजे टिटव्या, मुंगसं, घोरपडी. नातेवाईक आले तर हा चहा विचारायला विसरायचा, पण त्या मंडळींसाठी मंडईतली नासकी फळं पिशव्या भरभरून न्यायचा. एक बिल्डर पेढे घेऊन आला. मोठा नकाशा पसरून त्यानं टॉवर दाखवले. साडूनं सगळं शांतपणे ऐकलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, “आन् मुंगसाला कितवा मजला?” पाहुणा नकाशाची गुंडाळी करून गेला, पेढे राहिले.

पुतण्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या ह्या तुकड्यावर लावायचं ठरलं होतं. गाड्या आल्या तेव्हा हा ऐन मध्ये छत्री उघडून उभा. पायाशी टिटवीची अंडी. पुतण्या हातापाया पडला, विहीणबाई रुसल्या, बँडवाले ताटकळले. हा म्हणाला, “तुमी आज एक पोरगी नांदायला आनताय, तिला कुनी हाकललेलं चालंल का? मंग हिलाबी नांदू द्या.” नवरदेव शेवटी रस्त्यावरून चालत मांडवात आला. तो राग त्या घरात अजून आहे.

म्हातारपणी त्यानं मृत्युपत्र केलं. तुकडा टेकड्या जपणाऱ्या कोथरूडच्या मंडळाला, राखायला. साक्षीदार म्हणून सही माझी. मंडळाच्या बाई हरखून म्हणाल्या, आपल्या नावाची पाटी लावू, दोन बाकडी टाकू. ह्यानं हात जोडले. “बाकडं आलं की भेळ येती, भेळ आली की कागद येतो. आन् पाटी कशाला? पुन्यात पाट्या काय कमी हायत?”

गेल्या महिन्यात तो गेला. दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. आपल्यात रीत अशी, की गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं मोठ्यानं कबूल करायचं. थोरला पुतण्या संधी साधून म्हणाला, काका, जमीन घराबाहेर जाऊ देणार नाही. कावळा नाही. मी म्हणालो, तुझ्या मंडळींना कुणी हलवणार नाही. तरी नाही. पुतण्या माझ्याकडं वळला. म्हणाला, बघा अण्णा, ते मृत्युपत्र काकांच्याच मनात नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हणालो, “कावळा शिवायला आधी कावळा लागतो. इथली झाडं कधीच गेली. त्याचे कावळे त्याच्या जमिनीवर आहेत.” गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले होते, ते म्हणाले असं पिंड उचलून नेता येत नाही. म्हणालो, येतं. आणि पत्रावळ मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. पुतणे मागून गाडीत.

उतारावरच्या खडकावर पत्रावळ ठेवून मी हात काढतोय तोवर बाभळीवरून कावळा उतरला, मागून आणखी दोन. कुणी काही कबूल करायच्या आत भात पसरला. मग थोरला जवळ आला, आवाज एकदम मऊ. म्हणाला, कोर्टाची तारीख लागली तर एवढंच सांगा की सही करताना काका भ्रमिष्ट होते. सगळं गाव त्यांना वेडा म्हणायचंच.

मी म्हणालो, “वेडा होता. पण शुद्धीवर होता. कोर्टात हेच सांगीन.”

“अण्णा, तुमचं काय जातंय?”

माझं काय जातंय. गेल्या वर्षी माझी बायको गेली. भेटायला येणारा प्रत्येकजण मला सावरा, सावरा म्हणत होता. पोरंसुद्धा. साडू आला, तो थेट मला इथं घेऊन आला आणि म्हणाला, “पाव्हनं, हितं रडा. हितं कुनी सावरा म्हननार न्हाई.” आणि पाठ करून गवतात दूर जाऊन उभा राहिला. अंधार पडेपर्यंत त्यानं वळून पाहिलं नाही.

हे पुतण्याला कसं सांगणार? “सगळं जातंय,” एवढंच म्हणालो. तो गाडीकडं गेला. मी मागं राहिलो. त्या दोघांसाठी एकदमच रडलो, आणि वारा नुसता गवतातून वाहत राहिला.