कुडपणचं देवगांडूळ

"डॉक्टर, बघत काय बसलाव? डब्यात साप हाय. इंजेक्शन द्या!"

गणपतने पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर आपटला. त्याची बायको सुनंदा स्ट्रेचरवर धापा टाकत होती. कुडपणला बांधालगतची माती खणताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं आणि ढेकळातून हे निघालं.

नव्वदच्या दशकात मी पोलादपूरला सरकारी दवाखान्यात होतो. सापाचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून करतात. विष नसताना दिलं, तर त्याच्याच रिअॅक्शनने पेशंट जाऊ शकतो. विष असताना नाही दिलं, तरीही जातो.

सुनंदाच्या बोटावर नुसता ओरखडा होता. नाग-मण्यारीच्या विषाने होतात तशा पापण्या जड नव्हत्या. मग डबा उघडला. जांभळट, वीतभर लांब, अंगभर कडी, डोळे म्हणजे दोन ठिपके. बारावीच्या प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहिलेलं देवगांडूळ, आणि जिवंत! पेशंटसमोर खूश होणं बरं नव्हे, पण मी झालो.

"हा साप नाही. बेडकाच्या नात्यातलं आहे. याने माणूस मरत नाही."

"आणि चावला तो दुसराच असंल तर?" गणपतने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. सुनंदाचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलं. घोणस चावली, तर बहुधा रक्त गोठत नाही.

तोवर सिस्टरने घमेल्यात ओली माती आणली. देवगांडूळ डोकं खुपसून बघता बघता आत गेलं. सुनंदा मान उचलून पाहू लागली.

"डायनासोर आले नि गेले, याची घडण फारशी बदलली नाही," मी म्हणालो.

"येवढ्या काळात सुधारलं नाय?" सुनंदाने विचारलं.

"जमिनीत ओल तीच, अंधार तोच, खायला गांडुळं, वाळवी. पिल्लांत बारीक फरक पडतात, पण तिथे हेच अंग चालतं. वेगळी निघालेली सहसा मागे पडतात."

ती ऐकत होती. भीतीने लागलेली धाप कमी झाली, तिच्यामुळे हाताला आलेल्या मुंग्याही गेल्या. रक्त गोठलं. तरी दिवस-रात्र ठेवून घेतलं, इंजेक्शन दिलं नाही.

सकाळी ती घरी निघाली, तेव्हा मी फॉर्मॅलिनची बरणी भरत होतो. महाडच्या कॉलेजला नमुना देणार होतो.

"आमच्या बांधाचं हाय ते," सुनंदा म्हणाली. "मला सोडलंत, त्यालाबी सोडा."

मी ओशाळलो. डबा मातीसकट तिच्या हातात दिला.

तेव्हापासून माझा नियम ठरला. आधी पेशंट बघायचा, मग डबा. औषधाचं कपाट सगळ्यात शेवटी. बरणी तर मी टाकूनच दिली.