आमच्या घरमालकांचा पोटभाडेकरू

जगात एकदा सुरू झालेली कोणतीही गोष्ट आपल्या हाताने बंद करायची नाही, असं व्रत घेतलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली, तिथल्या बेहाला भागात कुणी मराठी गृहस्थ वरचा मजला भाड्याने देताहेत असं कळलं आणि मी हरखून सामान टाकलं. काका जन्माने इथलेच, उभा जन्म इथल्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. मराठी स्वच्छ, फक्त राग आला की बंगालीत शिरतात. रेडिओ लावला की निवेदक रजा घेईपर्यंत ते बटणाला हात लावत नाहीत. एकदा ऑटोवाल्याने मुलीच्या लग्नाची हकिगत काढली, ती मध्येच तोडायची कशी म्हणून चौरस्त्याला उतरायचे काका थेट कितीतरी पुढे ठाकुरपुकुरला उतरले. कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या मुली तर त्यांच्यापुढे हात टेकतात. काका फोन ठेवतच नाहीत, वर ‘खेयेछो तो, मा?’ म्हणून जेवणाची चौकशी करतात, आणि शेवटी ती बिचारीच काहीतरी सबब काढून सुटका करून घेते.

काकू मी पाहिल्या नाहीत. मी यायच्या आदल्याच वर्षी त्या गेल्या. पण या घरात राहून त्यांची ओळख झाली नाही असं होत नाही, कारण प्रत्येक वस्तूला त्यांनी विणलेलं आवरण आहे. इथल्या मराठी मुलांसाठी त्या खालच्या खोलीत दर रविवारी मराठीचा वर्ग चालवत. घरात मराठी कानावर पडतं, पण जिभेवर बंगाली चढून बसलेलं, अशी ती मुलं. त्यांच्यासाठी काकूंनी स्वतः पाठ लिहिले, तेही कुठल्याशा जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये, जो आता कुठल्याही शहाण्या संगणकावर उघडत नाही. जुना संगणक मोडीत निघायची वेळ आली तेव्हा काकांच्या एका माजी विद्यार्थ्याने तो होता तसा नव्या संगणकाच्या आत बसवून दिला. म्हणजे नव्या पडद्यावर एक चौकोन उघडायचा आणि त्यात अख्खा जुना संगणक नांदायचा. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात हे काकांना ठाऊक आहे, पण ते त्याला पोटभाडेकरू म्हणतात. पाठ मात्र सगळे बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर. तिलाही मोरपंखी रंगाचं आवरण आहे, हे सांगायला नकोच.

काकूंमागे वर्ग थांबला होता. यंदा मुलांच्या चार आयांनी मला गाठलं आणि मी उत्साहाच्या भरात हो म्हणून बसले. रविवारी वर्ग, आणि शनिवारी दुपारी मी पाठ घ्यायला खाली गेले. काकांनी डिस्क आवरणातून अलगद काढून जोडली. नव्या संगणकावर ती क्षणभर दिसली आणि दिसता दिसता नाहीशी झाली. आतल्या पोटभाडेकरूने ती ओढून घेतली होती. बरं, घेतली ती घेतली, निदान उघडावी की नाही? तो म्हणे, असली डिस्क मला सापडत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. आम्ही वायर बदलली. डिस्क मागच्या बाजूला जोडून पाहिली. संगणक बंद करून पुन्हा लावला, तर पोटभाडेकरू मालकाच्या आधी जागा होऊन डिस्क बळकावून बसलेला. त्यातच डिस्क टिकटिकायला लागली आणि काकांचा चेहरा उतरला. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ही गेली तर काकूंची सगळी वर्षं गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

माझं संगणकाचं ज्ञान म्हणजे बँकेत त्याच्याशी रोज भांडून जे काही पदरात पडलं तेवढंच. पण काका तो चौकोन मिटायला गेले तेव्हा माझी नजर त्यांच्या हातावर होती. संगणक अशा वेळी विचारतो, याला पुरतं बंद करू, की आहे त्या स्थितीत थोपवून ठेवू? काकांनी सवयीने थोपवण्यावर बोट ठेवलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, काका, तुम्ही याला कधीच बंद केलेलं नाही का? त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. काकूंनी त्यात शेवटचं काम केलं त्या दिवसापासून पोटभाडेकरू नुसता झोपत आणि उठत होता. डिस्क तेव्हा आपल्याच हातात होती एवढंच त्याच्या लक्षात होतं, म्हणून नजरेला पडताच तो तिच्यावर झडप घालायचा. मधल्या काळात ती कितीदा निघाली आणि पुन्हा लागली, याचा त्याला पत्ताच नव्हता. म्हणून धरूनही ती त्याला उघडत नव्हती. त्याला एकदा नीट बंद केलं की काम फत्ते. मी मोठ्या आनंदाने हे सांगितलं आणि काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

“तिनं उघडून ठेवलंय ते,” ते म्हणाले. “मी कसं बंद करू?”

त्यांनी चौकोन पुन्हा उघडला. आत काकूंचा शेवटचा पाठ होता, कुठेही न साठवलेला, फक्त या थोपवण्याच्या जोरावर तगलेला. कुणाकडे पाहुणे येतात, त्यांना पोहे देतात, मुलं त्यांना चित्रं दाखवतात. शेवटची ओळ अर्धीच होती: ‘पाहुणे उठले आणि म्हणाले,’ आणि त्यापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. काका रोज सकाळी येऊन एवढंच बघायचे आणि पुन्हा थोपवून ठेवायचे.  बरोबरच, आम्ही मराठी माणसं दिवासुद्धा विझवत नाही, शांत करतो. हा माणूस बायकोची अर्धी ओळ कशी विझवणार?

मी म्हटलं, “बंद नका करू काका. पाठ पुरा करा. पाहुण्यांना उठवून काकूंनी दारात तिष्ठत ठेवलंय.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग चष्मा सारखा करून त्यांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत, ‘येतो’ असं लिहिलं. पूर्णविराम दिला. मुलांना हे पटकन कळेल, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, इथंसुद्धा निघताना कुणी जातो म्हणत नाही, ‘आशि’, म्हणजे येतो, असंच म्हणतात. पाठ आम्ही आतल्या संगणकातच साठवला. मी खबरदारी म्हणून फोनवर त्याचा फोटोही घेतला. मग काकांनी त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा एक चालू वस्तू स्वतःच्या हाताने बंद केली. चौकोन काळा झाला, मिटला. डिस्क जोडली तर ती निमूट नव्या संगणकावर येऊन बसली, टिकटिक नाही की काही नाही, आणि काकूंचे सगळे पाठ ओळीने दिसले. दुसरी प्रत होईपर्यंत काका तिच्यावर हात ठेवून होते. मग त्यांनी पोटभाडेकरूला पुन्हा हाक मारली, तर तो आपली जुनी धून वाजवत ताजातवाना होऊन हजर.

रविवारी मुलं आली. पाहुण्यांचाच पाठ घेतला. ‘पोहे’ म्हणताना निम्म्या वर्गाचे ‘पोहा’ झाले, पण बरं चाललं. काका मागे बसून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर मुलं चपला शोधत गोंगाट करत होती, तेवढ्यात एक बारकी मुलगी दारातून परत फिरली आणि पाठात शिकली तसं त्यांना म्हणाली, “आजोबा, मी येतो.”

मुलीने ‘येते’ म्हणायचं असतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण काका तिला “ये हं,” म्हणाले आणि मी तोंड मिटलं. सगळी मुलं गल्लीच्या वळणाआड गेली. आता पोटभाडेकरूला ते रोज संध्याकाळी न चुकता बंद करतात. त्या रविवारी दार मात्र त्यांनी बराच वेळ लावलं नाही.