नुसताच उभा असलेला जनरेटर

लाइट गेली तेव्हा स्क्रीनवर आमचा सगळ्यात देखणा ग्राफ होता आणि समोर कुलकर्णी साहेब चहा फुंकत बसले होते. पुण्याच्या एका मोठ्या कारखान्याचे ते मेंटेनन्स प्रमुख. त्यांची ऑर्डर आली नाही तर महिनाअखेरीस कंपनीला कुलूप, असं आमचे बॉस भालेराव सर आदल्या दिवशीच बोलले होते.

आमचं ऑफिस यवतपासून आत, एका जुन्या गढीत होतं. तट, बुरूज, हत्ती जाईल एवढा दरवाजा. धान्याच्या कोठीत सर्व्हर ठेवलेले, कारण भिंती जाड आणि उन्हाळ्यातही गारवा. भाडंही परवडायचं. गढीचे मालक आबासाहेब सदरेवरच्या झोपाळ्यावर बसून आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायचे.

आम्ही रिलायबिलिटीचं सॉफ्टवेअर बनवायचो. म्हणजे कुठलं यंत्र कधी दगा देईल, याचा अंदाज सांगणारं. त्यातला आमचा लाडका शब्द रिडंडन्सी. एक बंद पडलं तर दुसरं तयार हवं, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही स्वतःही तो पाळायचो. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून मागच्या अंगणात दोन जनरेटर होते.

"घाबरू नका," सर हसत साहेबांना म्हणाले. "आता आमचा लाइव्ह डेमोच बघा."

पहिला जनरेटर सुरू झाला, खोकला आणि गप्प झाला.

"दुसरा लावा!"

मी मागे धावले. दुसऱ्याच्या जागी नुसता ओटा होता आणि त्यावर एक कोंबडी बसली होती. तशीच सदरेवर पळाले.

"आबा, दुसरा जनरेटर कुठंय?"

"आप्पाच्या पोरीचं लगीन न्हाई का आज? मांडवात नेला."

"आम्हाला विचारायचं तरी!"

"त्यात काय इचारायचं? एक चालतोय, दुसरा आपला नुसताच उभा. मला बघवंना."

"अहो, पण पहिल्यात डिझेलच नाही!"

"असंल कसं? दुसऱ्याची टाकी अर्धीच व्हती. लग्नघरी अर्धी टाकी द्यायची व्हय? ह्यातलं काढलं आन् त्यात काठोकाठ भरलं."

मी कपाळावर हात मारला. दोन वस्तू एकाच कारणाने एकदम जातात, त्याला आमच्यात कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात. पूर, आग, उंदीर, आम्ही सगळं धरलं होतं.

"रडताय कशाला?" आबा उठले. "मशीनच मांडवात न्या की. दोन गल्ल्या तर हाय."

दुसरा इलाज नव्हता. सरांनी मॉनिटर छातीशी धरला, मी सीपीयू उचलला, आबांनी कीबोर्ड मिरवत नेला. मागून कुलकर्णी साहेब, चहाचा कप हातातच, आबांकडून जनरेटरची हकिकत ऐकत. बँडवाल्यांना वाटलं आहेर आला. त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली. आप्पांनी साहेबांना फेटा बांधला. व्हिडिओवाल्याच्या टेबलावर आम्हाला कोपरा मिळाला आणि ग्राफ परत उगवला. शेजारी आमचाच जनरेटर धडधडत होता. इतका राग आला, की त्याला लाथ घालावी.

सर बँडच्या वर आवाज काढून ओरडत होते, "मेन पंप आणि स्टँडबाय पंप, दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता जवळजवळ शून्य!"

फेट्यातल्या साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग आबांकडे.

"यात हे आबासाहेब कुठे टाकायचे?"

सरांचा चेहरा पडला. गेली ऑर्डर, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सध्या जागा नाही," मी म्हणाले. "पण करू."

"कराच. आमचा स्टँडबाय पंप शेजारच्या शेडने दोन दिवसांसाठी म्हणून नेलाय. वर्ष झालं. कॉम्प्युटरमध्ये तो अजून उभाच आहे."

"नुसतं उभं ठिऊच नाय काही," आबा म्हणाले आणि साहेबांना पंगतीला ओढून घेऊन गेले.

सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना आला, 'उसना दिलाय का?' ऑर्डर मिळाली, कंपनी वाचली. त्या दिवशी मी आनंदाने चक्क रडले.

मग सरांनी रीतसर हिशेब मांडून तिसरा जनरेटर घेतला, फक्त गावाला उसना द्यायला. आबांना तो फार आवडला. मीही तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले, की लागतं त्याहून एक जास्त ठेवावं, म्हणजे आपल्याला काळजी नाही.

पुढच्या वैशाखात गावात एकाच मुहूर्तावर तीन लग्नं निघाली.