आत्याची टेप आणि सरांची लायब्ररी

ज्येष्ठांचा मान राखल्याशिवाय या जगात कोणतंही काम तडीस जात नाही. हे वाक्य मी अनेक सभांत ऐकलं आहे, बहुतेक वेळा नुकताच हार घालून घेतलेल्या माणसाच्या तोंडून. आमच्या कॉलेजातला एक संगणक हे तत्त्व तंतोतंत पाळायचा, आणि नेमकं त्यामुळेच माझं एक काम अडून बसलं.

काम आत्याचं होतं. बोरीला राहणारी माझी आत्या तरुणपणी जयंतीला गायची. तेव्हा एकदा कुणीतरी टेपरेकॉर्डर आणून बायकांच्या मंडळाचं गाणं भरून घेतलं. सेल संपत आलेले होते, त्यामुळे भरताना टेप हळू फिरली. नंतर नव्या सेलवर लावली की गाणं धावत सुटायचं आणि आवाज खारीसारखा यायचा. सेल जसजसे मरत गेले तसतसा वेगही बदलत गेलेला. पहिलं कडवं नुसतं घाईत होतं, शेवटच्या कडव्याच्या मागे कुत्रं लागलं होतं. तरी आमच्या घरात ती 'आत्याची टेप' म्हणून जपलेली होती.

यंदा बोरीच्या जयंती मंडळाने आत्याचा सत्कार ठरवला आणि मांडवात ती टेप लावायचंही ठरवलं. आत्याचा मला फोन आला.

"लेकरा, ते तसंच लावलं तर समदं गाव हसंल. आवाज सरळ करून दे. न्हाईतर मी स्टेजवर चढत न्हाई."

"आत्या, सत्कार तुझा आहे. चढावंच लागेल."

"मंग त्या खारीचा करा म्हणावं सत्कार."

मी सेलूला कॉलेजात संगणक शिकवतो. नातेवाइकांच्या लेखी याचा अर्थ, मोबाइलपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत मला सगळं दुरुस्त करता येतं. पण या वेळी काम खरोखरच माझ्या हद्दीतलं होतं. टेप फोनमध्ये भरून घेतली. तिचा बदलता वेग ओळखून गाणं सरळ करणारा एक प्रोग्रॅम सापडला. कुणा परदेशी हौशी माणसाने तो लिहून फुकट ठेवला होता. मात्र तयार नव्हे, नुसता सोर्स कोड. म्हणजे कापड मिळालं होतं, सदरा आपण शिवायचा. घरचा लॅपटॉप मुलीच्या परीक्षेच्या ताब्यात होता, म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या मुख्य संगणकावर मी तो कंपाइल करायला, म्हणजे शिवायला, घेतला.

असा प्रोग्रॅम सगळं सामान स्वतःजवळ ठेवत नाही. पुष्कळसं काम तो लायब्ररीकडून करून घेतो. समाजमंदिरात सगळ्या गावाची भांडी असतात, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायची, तसंच हे. नव्या प्रोग्रॅमला एका लायब्ररीची नवी आवृत्ती हवी होती. ती मी आणून ठेवली. कंपाइल विनातक्रार झालं. मी खूश होऊन चहा पिऊन आलो आणि प्रोग्रॅम चालवला. एक ओळ छापून तो आडवा झाला: अमुक फंक्शन सापडत नाही.

इंटरनेटवर याच रडगाण्याची पानंच्या पानं होती. एकाने सुचवलं, सगळं पुसून पुन्हा टाका. दुसऱ्याने सुचवलं, यंत्रच बदला. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'माझं सुटलं, सर्वांचे आभार', आणि कसं सुटलं ते न सांगता तो कायमचा अंतर्धान पावला होता.

शेवटी, प्रोग्रॅमने प्रत्यक्षात कुठली लायब्ररी उचलली हे दाखवणारी आज्ञा दिली, तेव्हा उलगडा झाला. संगणकात त्याच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या होत्या. माझी नवी मागच्या फोल्डरमध्ये होती. संगणक ज्या फोल्डरमध्ये सगळ्यात आधी बघतो, तिथे एक जुनीपुराणी बसलेली होती. ती आमच्या विभागाच्या निवृत्त प्रमुखांनी टाकलेली. आमच्याकडे निवृत्त माणसाची वस्तू हलवायची पद्धत नाही. सरांची खुर्ची अजून भिंतीला लावून ठेवली आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. सरांनी लावलेलं घड्याळ बंद आहे, ते कुणी उतरवत नाही. सरांची लायब्ररी त्याच न्यायाने अग्रपूजेच्या जागी राहिली होती. कंपाइल होताना माझ्या प्रोग्रॅमने यादी वाचली नव्या भांड्यांची, आणि स्वयंपाकाच्या वेळी हातात आली सरांची एका कानाची कढई.

मी ती लायब्ररी हळूच बाजूला सरकवली. माझा प्रोग्रॅम उठून बसला, आणि शेजारच्या खोलीतून प्रात्यक्षिकाचे गुण छापणाऱ्या मॅडमचा आवाज आला.

"सर! गुणांचा प्रोग्रॅम बंद पडला. काय केलंत तुमी?"

"काही नाही, एक लायब्ररी थोडी सरकवली."

"कुणाची?"

"मोठ्या सरांची."

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "सरांना विचारलंत?"

गुणांचा प्रोग्रॅमही सरांच्याच काळातला, त्याला कढई जुनीच लागे. मी ती जागेवर ठेवली. पण आता नाव निघालंच होतं, तेव्हा सरांना विचारणं भाग होतं. आणि सरांना विचारायचं म्हणजे बोलवायचं, बोलवायचं म्हणजे निदान गुलाबाचं फूल द्यायचं. सर इस्त्रीच्या कपड्यांत आले, फूल घेतलं, आपल्या खुर्चीवर बसले आणि ही लायब्ररी त्या काळी कशी उतरवून घेतली याचा इतिहास सांगू लागले. फोनची लाइन तुटायची, लाइट जायची, तरी सर हटले नव्हते. आम्ही माना डोलावल्या.

"मग सर, काढू का?" मी विचारलं.

"काढायची न्हाई!" सर कडाडले. "तुमचं नवं एवढं लाडाचं असलं तर तुमी वेगळी चूल मांडा!"

रागाच्या भरात दिलेला इतका अचूक तांत्रिक सल्ला मी दुसरा ऐकलेला नाही. मी नवी लायब्ररी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि पुन्हा कंपाइल करताना तिचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून टाकला: समोरच्या घरी मागायला जाऊ नकोस, तुझी भांडी इथे आहेत. दोन्ही प्रोग्रॅम एका छपराखाली गुण्यागोविंदाने चालू लागले. मॅडमचे गुण छापून निघाले आणि माझ्या हेडफोनमध्ये एक धीमा, भरदार, मोकळा आवाज गाऊ लागला. मी ते गाणं जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. सरांनाही हेडफोन दिला. ते डोळे मिटून ठेका धरत राहिले आणि जाताना फूल विसरून गेले.

रविवारी देवगाव फाट्यावर गाडी बदलून बोरी गाठली. लिंबाच्या सावलीत बाजेवर आत्या बसली होती. मी फोनवर गाणं लावलं. पहिलं कडवं तिने एकाग्र होऊन ऐकलं. दुसऱ्या कडव्याला तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा आवाज माझा न्हाई."

"म्हणजे?"

आत्याने शेजारच्या भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "अगं ए! इकडं ये! तू गायलीस बघ!"

भिंतीपलीकडून तिची जाऊ पिठाच्या हातांनीच आली. गाणं पुन्हा लागलं. जाऊबाई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"मीच की ग! आन इतके वरीस माझ्या गाण्याचा मान तू खायलीस व्हय?"

"मला काय ठावं? खारीचा आवाज. कोणती खार ते कुणाला कळतंय?"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. आत्याच्या साडीवर पीठ लागलं. मग आत्याने कान देऊन स्वतःला शोधून काढलं. "ह्या मागच्या टाळ्या माझ्या. बघ, एक तरी चुकायली का?"

तिने मंडळाला तिथूनच फोन लावून गाणं जावेचं असल्याचं सांगितलं. जयंतीच्या दिवशी दोघी हात धरून स्टेजवर चढल्या. टेप लागली, तसं जाऊबाई तिच्यासोबत गाऊ लागल्या. आत्याने टाळ्या धरल्या आणि शेवटच्या कडव्याला सगळा मांडव गात होता. त्यानंतर मंडळाच्या अध्यक्षांनी, सत्य कितीही वर्षं झाकलं तरी शेवटी त्यालाच मान मिळतो, या विषयावर बराच वेळ भाषण केलं. सत्कार आत्याचाच झाला, कारण बॅनर आधीच छापून आलं होतं.