सहीखालची रेघ

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी सातबारा झेरॉक्स करत होते. फोन नगरपंचायतीच्या शिपायाचा, मारोतीचा. "म्याडम, शेंडे म्याडम गेल्या जी. गोंदियाच्या दवाखान्यात, सकाळी." मी मशीन लगेच बंद केलं नाही, समोर चार माणसं उभी होती. त्यांचे कागद त्यांच्या हातात दिले, मग शटर ओढलं. खरं सांगायचं तर शटर ओढताना मला पहिल्यांदा तिच्या नवऱ्याची किंवा मुलांची आठवण झाली नाही. आठ दिवसांवर सर्वसाधारण सभा होती आणि विषयपत्रिकेत चौथ्या क्रमांकावर बोडी होती. आता सहीखाली रेघ कोण मारणार... हे मनात आलं. याला दीड महिना झाला. ती रेघ काय होती हे कळल्याशिवाय इंदूबाई कळणार नाही, म्हणून तेवढंच लिहिते.

आम्ही दोघी नगरपंचायतीवर एकाच वेळी निवडून आलो. तिचा प्रभाग बोडीच्या काठचा. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. काठावर ढिवरांची घरं, आणि त्या घरांचं पोट मासे आणि शिंगाड्यांवर. जागा महिलेसाठी राखीव झाली तेव्हा पक्षाला एक नाव हवं होतं. कागदावर बाई आणि कारभार नवऱ्याचा, ही ठरलेली रीत. पण इंदूबाई बापाची एकुलती, आणि धनराजभाऊ चिचगडहून घरजावई म्हणून आलेले. पहिल्या सभेला ते तिच्याआधी आत जाऊन तिच्या नावाच्या पाटीमागे बसले. ती आली, पाटी वाचली आणि म्हणाली, "उठा जी. घर माया बापाचं हाये, अन् खुर्ची मायी." सगळे हसले. भाऊही हसले आणि उठले. त्यानंतर सभा असली की ते बाहेर मोटारसायकलवर बसून राहत.

त्याच सभेत चूक झाली, आणि ती निम्मी माझी होती. सभा संपली की इतिवृत्ताचं रजिस्टर फिरतं. कामकाज लिहायला वेळ लागतो म्हणून कारकून पानाच्या तळाशी सह्या घेऊन ठेवतो आणि वरची कोरी जागा मागाहून भरतो. इंदूबाई पान उलटून पालटून पाहत होती. "यात त काईच लिवलं नाई व." मला दुकान उघडायची घाई होती. "कर सही. सारेच करतात," मी म्हटलं, आणि माझाच पेन तिच्या हातात दिला. तिनं केली. गोल गोल अक्षरात, पूर्ण नाव.

महिन्याभरानं इतिवृत्ताची प्रत आली. शेवटचा विषय असा की बोडी निरुपयोगी झाली असल्यानं ती बुजवून त्या जागी व्यापारी संकुल बांधावं, सर्वानुमते मंजूर. सभेत बोडीचं नावही निघालं नव्हतं. खाली मात्र आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि त्यात सर्वांत स्पष्ट वाचता येणारी सही तिची. त्या दिवशी मी तिच्याबरोबर बोडीवर गेले होते. तिची काकू सोनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. "तुया बापानं याच पान्यात जाळं टाकून तुले मोठं केलं," ती पाण्यातूनच म्हणाली, "अन् तुनं बुजवाची सही केली? जेवून केली का उपाशी केली व?"

"वाचली नाई, काकू. लिवलंच नव्हतं."

"मंग आमी तुले कायले पाठवलं? आंगठा त मलेबी मारता येते."

पेन माझा होता, हे इंदूबाईनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. ठराव रद्द व्हावा म्हणून ती कलेक्टरकडे अर्ज करणार होती. सभेत हा विषय निघालाच नव्हता, असं आणखी कुणी नगरसेवकानं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर अर्जाला बळ येणार होतं. "तू देशील?" तिनं सरळ विचारलं. मी सत्तेतल्या गटाची. शिवाय माझं दुकान नगरपंचायतीच्याच गाळ्यात, आणि करार दरवर्षी नवा होतो. मी म्हटलं, दोन दिवस दे. संध्याकाळी गटनेत्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी माझं आडनाव घेऊन म्हणाले, "पटले म्याडम, आप तो समझदार हो." एवढंच. मला समजलं. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी म्हटलं, "मले जमनार नाई, इंदूबाई." ती म्हणाली, "बरं. एक पट्टी दे."

"कोनती?"

"लेकरं शाळेत नेतात ते. फूटभर."

मला वाटलं, नातवासाठी असेल.

पट्टी पुढच्या सभेत पर्समधून निघाली. रजिस्टर आलं तसं तिनं कारकुनाला समोर बसवलं. "लिवा. मी बसून हावो." सगळे विषय लिहून होईपर्यंत ती हलली नाही. मग शेवटच्या ओळीला चिकटून तिनं लिहिलं, 'विषय एक ते नऊ', वेळ टाकली, सही केली आणि पट्टी लावून पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली. खाली आता कुणाला काही घालायचं तर रेघ ओलांडूनच घालावं लागणार होतं. गटनेते वैतागले. "शेंडे म्याडम, घर में चूल्हा नहीं है क्या?" ती म्हणाली, "हाये ना. डाळ शिजवून आली. तुमची शिजू देत नाई, म्हनून राग येऊन राहिला का?"

मग प्रत्येक सभेत हेच. ती फार चांगली नगरसेविका होती, असं मात्र मला सरसकट म्हणवत नाही. एका रस्त्याच्या ठरावात गट नंबर चुकला होता, तर तिनं तो दोन सभा अडवून धरला, आणि तो अख्खा पावसाळा आमच्या प्रभागातली लेकरं चिखलातून शाळेत गेली. मी भांडले तिच्याशी. "दुरुस्त करून आना, मी सही करतो," यापलीकडे ती सरकली नाही. पण तिच्या रेघेनंतर न चर्चिलेला एकही विषय त्या रजिस्टरात घुसला नाही, हेही तितकंच खरं.

तिच्या एकटीच्या अर्जावर बोडीच्या ठरावाला स्थगिती मिळाली. मग तारखा. बसनं गोंदियाला जायची, पुढची तारीख घेऊन यायची, आणि प्रत्येक तारखेआधी कागद माझ्याकडेच झेरॉक्सला आणायची. प्रतिज्ञापत्राबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. शेवटी आदेश आला की विषय सभेत रीतसर चर्चेला घ्यावा. तोच हा चौथा क्रमांक. सभेची नोटीस घेऊन ती आली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, चप्पल अर्धीच घातलेली. "दवाखान्यात जा," मी म्हटलं. "सभा झाली का जातो." निघताना मागे वळली. "तू हात वर करजो का नको करजो, तुयी मर्जी. पन सही वाचून करजो." ती शेवटची भेट.

विद्यमान सदस्य गेला की सभेत फक्त शोकप्रस्ताव घ्यायचा आणि सभा तहकूब करायची, ही आमच्याकडची प्रथा. तिच्या खुर्चीवर हार घातलेला फोटो होता. धनराजभाऊंना बोलावून मागे बसवलं होतं. त्या पहिल्या दिवसानंतर ते प्रथमच आत आले होते. गटनेते चांगलं बोलले, अगदी 'बोडीची लेक' म्हणाले. दोन मिनिटं उभं राहून झालं, सभा तहकूब झाली आणि रजिस्टर फिरू लागलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा पाहिलं. वर चार ओळींचा शोकप्रस्ताव. मग अर्धं पान कोरं. आणि तळाशी आठ सह्या.

"इथं जी म्याडम," कारकुनानं नवव्या जागेवर बोट ठेवलं.

मी ते चार ओळींचं लिखाण वाचलं. पुन्हा वाचलं. "क्या हुआ म्याडम?" गटनेत्यांचा आवाज आला. गाळ्याच्या कराराची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पेन तोच नव्हता, पण माझाच होता. मी चौथ्या ओळीला चिकटून लिहिलं, 'विषय एकच, शोकप्रस्ताव. सभा तहकूब, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे.' सही केली आणि खाली रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कारकून गटनेत्यांकडे पाहत होता. धनराजभाऊ मागून उठून आले, माझ्या खांद्यावरून पानावर वाकले.

"वाकडी आली जी," ते म्हणाले.

आली होती. हातानं ओढलेली रेघ वाकडीच येते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी खोक्यातली एक पट्टी काढून पर्समध्ये टाकली. पुढच्या सभेची नोटीस परवा मिळाली. बोडी आता दुसऱ्या क्रमांकावर आहे. गाळ्याच्या कराराचं पत्र अजून आलेलं नाही.